सातवं जाळं

"काठी सरळ धर गं. गुढी नाही उभारायची आपल्याला."

वसुधा मॅडम असं काही बोलल्या की शीतल खिल्लारे हातातल्या कामाकडे आणखी बारकाईनं बघायची. आताही तिनं काठीचं टोक चिखलात खोल रोवलं, गुडघा टेकवून वजन टाकलं आणि काठी ओळंब्यात आहे की नाही ते एक डोळा मिटून पाहिलं. पलीकडच्या काठीपाशी वसुधा गद्रे गमबुटांत पाय रोवून उभ्या होत्या. वय सदुसष्ट, डोक्यावर फिकट हिरवी टोपी, गळ्यात शिट्टी. दोन काठ्यांच्या मध्ये जाळं ताणलं जात होतं. काळं, केसासारखं बारीक, उजेड फुटायच्या आधी तर माणसालाही न दिसणारं.

"मॅडम, परवानगी सहा जाळ्यांची आहे," शीतल म्हणाली.

"माहीत आहे."

"हे सातवं आहे."

"मला मोजता येतं. आणि परवानगी माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही. ताण."

शीतलनं जाळं ताणलं.

मुलुंड पूर्वेला हायवे ओलांडून मिठागरांच्या बांधावरून आत गेलं की खाडीच्या अलीकडे दलदलीचा एक पट्टा लागतो. अर्धा गोड्या पाण्याचा, अर्धा खाऱ्या. माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं पाणकणीस तिथं माजलेलं असतं. त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, शेडमध्ये टेबल, टेबलावर छोटा काटा, पट्टी, पक्कड आणि ॲल्युमिनियमच्या बारीक कड्यांच्या माळा. एवढंच ते स्टेशन. हिवाळ्यात उत्तरेकडून उतरलेले छोटे पक्षी इथं जाळ्यात अलगद धरायचे, वजन करायचं, पंख मोजायचे, पायात नंबराची कडी घालायची आणि सोडून द्यायचे. तोच पक्षी पुढच्या वर्षी इथं किंवा हजारो मैलांवर दुसऱ्या कुणाच्या हाती लागला, तर तो कुठून कुठं आणि कधी गेला ते कळतं. वसुधा मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि त्यांनी हे सुरू केलं. सहा वर्षं झाली. आजवर किती तरी हौशी मंडळी आली आणि मॅडमच्या जिभेला कंटाळून परत गेली. टिकले ते बँकेतून निवृत्त झालेले सुबोध तावडे, ज्यांच्याकडे गाडी होती आणि सगळ्यांची समजूत घालण्याची हौस होती; आणि शीतल.

शीतल मुलुंडच्याच एका औषध कंपनीत केमिस्ट होती. आठवडाभर गोळ्यांची तपासणी करायची. रविवारी पहाटे घाटकोपरहून इथं यायची, दोन वर्षं न चुकता. पहिल्यांदा तिच्या हातात वटवट्या, चिमणीहून लहान तपकिरी पक्षी, दिला गेला तेव्हा त्याचं वजन मूठभर शेंगदाण्यांहूनही कमी भरलं होतं. बोटांच्या फटीतून मान बाहेर काढून तो तिच्याकडे रागानं बघत होता. मॅडमनी त्याच्या पोटावर हलकी फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि कातडीखाली पिवळट चरबीचा थर दिसला. "हे त्याचं पेट्रोल," मॅडम म्हणाल्या होत्या. "एवढं भरलं की निघणार." त्या दिवसापासून शीतलला एकच हवं होतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावावर कडी घालायची. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. शिकाऊ माणसानं पक्षी जाळ्यातून सोडवायचा, वजन करायचं. पक्कड धरायची ती परवानाधारकाच्या नजरेखाली. यंदा तिचा अर्ज गेला होता. मॅडमनी, "तशी बरी आहेस," एवढं बोलून शिफारस दिली होती. महिन्याभरात परवाना येणार होता.

म्हणून तिनं सातवं जाळं ताणलं. दुसरं काही कारण नव्हतं.

मॅडमना मागच्या रविवारी खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या उघाडीपाशी एक वटवट्या दिसला होता. त्याच्या पायात कडी चमकली. "आपली नाही ती. रुंद आहे. बाहेरची आहे," मॅडम आठवडाभर सांगत होत्या. मार्च अर्धा सरला होता, पक्षी जाड व्हायला लागले होते, कुठल्याही रात्री उठून निघतील. परदेशात घातलेली कडी आपल्या जाळ्यात सापडणं म्हणजे सहा वर्षांची कमाई. म्हणून हे जास्तीचं जाळं, सहाच्या रांगेपासून लांब, उघाडीच्या वळणावर, बांधाच्या मागे.

सकाळभर त्यात काहीच अडकलं नाही. दर अर्ध्या तासानं मॅडम स्वतः तिथं जाऊन रिकाम्या हातानं परत येत होत्या आणि येताना कुणाला तरी बोलत होत्या. सुबोध सरांना, चहा थंड म्हणून. शीतलला, पिशवीची नाडी उलटी बांधली म्हणून.

ऊन चढलं की जाळी बंद करायची असतात. उन्हात अडकलेला पक्षी लवकर मरतो. बंद करायची इथली एक रीत होती. ज्यानं जाळं गुंडाळून बांधलं त्यानं तिथूनच मोठ्यानं ओरडायचं. पाणकणसात कुणी कुणाला दिसत नाही, आवाज मात्र जातो. त्या दिवशीही तसंच झालं. "एक बंद!" हा सुबोध सरांचा. "दोन बंद!" "तीन बंद!" हे मॅडमचे, शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात. चौथं परत सरांचं. पाचवं आणि सहावं शीतलकडे होतं. तिनं सहाव्याची शेवटची गाठ मारली आणि ओरडली, "सहा बंद!"

सहा वर्षं हा शेवटचा शब्द होता. तो ऐकला की हात धुवायचे, पिशव्या झटकायच्या, गाडीची किल्ली शोधायची. शब्द आला आणि तिघांचेही हात आपोआप त्या कामाला लागले. सातवं कुणी ओरडलं नाही, कारण सातवं असं काही ओरडायचं नसतंच.

*

गुरुवारी दुपारी लॅबमध्ये शीतलच्या फोनवर सुबोध सरांकडून फोटो आला. तिनं मोठा करून पाहिला. जाळ्याच्या खालच्या, पिशवीसारख्या कप्प्यात वाळलेल्या पानांसारखं काहीतरी लोंबत होतं. पहिल्या क्षणी तिला ती पानंच वाटली. मग एका पानाला चोच दिसली. एकाचा गळा निळा होता, अजूनही निळा. तिनं मोजले. अकरा.

तिनं फोन पालथा ठेवला. हातात रबरी मोजे होते तरी बेसिनपाशी जाऊन मोज्यांसकट हात धुतले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "काय गं, सांडलं का काही?" शीतल म्हणाली, "हो."

जाळं सापडलं ते शिवदास भोईरला. तो खाडीकाठच्या वस्तीतला, भरती-ओहोटी बघून चिंबोऱ्या धरायला येणारा. मॅडमनी त्याला आणि त्याच्या माणसांना कितीदा तरी बांधावरून हुसकावलं होतं. पक्षी उठतात म्हणून. एकदा शीतललाच त्याच्याकडे पाठवलं होतं, समज द्यायला. त्यानं जाळं पाहिलं, फोटो काढले आणि स्टेशनच्या पाटीवरचा नंबर न फिरवता थेट वनखात्याचं ऑफिस गाठलं. तिथूनच फोटो सरांपर्यंत पोचला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ती कामावरून निघत होती तेव्हा सुबोध सरांचा फोन आला.

"शीतल, बोलता येईल ना? एकटी आहेस?"

"बोला सर."

"उद्या सकाळी रेंजर येणार आहेत. साटम म्हणून बाई आहेत, कडक आहेत म्हणे. त्याआधी आपण सगळ्यांनी एकच लाइन घ्यायला हवी."

"लाइन म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनी एकच सांगायचं."

"एकच आहे की सर. जाळं लावलं आणि विसरलो."

"कोणी लावलं, हा प्रश्न आहे ना." सरांचा आवाज मऊ झाला. बँकेत कर्ज नाकारताना तो असाच होत असणार. "बघ हं. मॅडमनी परवानगीबाहेर जाळं लावलं असं झालं, तर परवानगीच जाते. स्टेशन बंद. पण एखाद्या ट्रेनीनं उत्साहाच्या भरात, मॅडमना न विचारता लावलं असेल, तर ट्रेनीला ताकीद देतात आणि विषय संपतो."

"ट्रेनी एकच आहे आपल्याकडे."

"तेच म्हणतोय."

शीतल कंपनीच्या गेटबाहेर येऊन थांबली. "आणि माझा परवाना?"

"तो ह्या वर्षी नाही होणार. दोन-तीन वर्षांत लोक विसरतात गं. मी आहे ना, मी बघेन. सहा वर्षांचा डेटा आहे शीतल. मधलं एक वर्ष गेलं तर…"

"डेटा मला माहीत आहे सर."

तिला खरंच माहीत होता. वजनांचे सगळे आकडे तिनंच संगणकावर चढवले होते. पक्षी वर्षागणिक थोडे आधी जाड व्हायला लागले होते, आधी निघायला लागले होते. तसं वाटत होतं. नक्की म्हणायला आणखी एक-दोन वसंत हवे होते. हे तिनं मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्यात उड्या मारू नकोस." पण त्या रात्री त्यांनी तिला फोन करून पुन्हा सगळे आकडे विचारले होते.

"हे मॅडम म्हणाल्या का?" तिनं विचारलं.

"मॅडमची तशी इच्छा आहे असं समज."

"म्हणाल्या की समजायचं?"

"शीतल, तू ना, फार शब्दाला शब्द लावतेस. मॅडमनी तुला शिकवलंय. एवढं तरी लक्षात ठेव."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की सर एकदाही 'अकरा पक्षी' असं म्हणाले नव्हते.

घरी भाऊ प्रितम कामावरून येऊन जमिनीवर पसरला होता. तो कुरिअर कंपनीत होता आणि दिवसभर लोकांचं ऐकून घेऊन आल्यावर घरी कुणाचंही ऐकून घ्यायचा नाही. तिनं सगळं सांगितलं. तो उठून बसला.

"ताई, येडी आहेस का तू? त्या म्हातारीसाठी नाव घालवणार?"

"तिच्यासाठी नाही."

"मग कोणासाठी? चिमण्यांसाठी?"

"वटवटे आहेत ते."

"तेच ते. वाट तुझी लागणार, त्यांची काय लागायची ती लागलीच आहे." तो हसला, पण ती हसली नाही म्हणून थांबला. "सरळ सांग ना मग. म्हातारीनं लावायला लावलं, म्हातारी विसरली. तुझा काय संबंध?"

"काठी मी धरली होती."

"धरली. सांगितली म्हणून धरली. बंद कोणी करायचं होतं?"

"ठरलं नव्हतं."

"मग झालं तर." प्रितम पुन्हा आडवा झाला. मग पंख्याकडे बघत सहज म्हणाला, "पण तुला माहीत होतं ना, तिथं सातवं आहे म्हणून?"

आई आतून जेवायला वाढू का विचारत होती. शीतल ताटं घ्यायला उठली.

*

शनिवारी ती वेळेच्या आधीच पोचली. बांधाच्या तोंडाशी शिवदास उभा होता, चिंबोऱ्यांची टोपली पायाशी ठेवून. त्याला रेंजरबाईंनी साक्षीसाठी बोलावलं होतं.

"आली काय बाई," तो म्हणाला. "आमाला बोलता पाखरा उठतान. नी तुमी काय केलाव?"

शीतल थांबली. "आम्ही मारले," ती म्हणाली.

त्यानं भांडायची तयारी केली होती. हे ऐकून तो आणखीच चिडला. "मग परत येव नका इथं," म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

शेडमध्ये वसुधा मॅडम आधीच बसलेल्या होत्या. सुबोध सर गाडी लावायला गेले होते. मॅडमसमोर टेबलावर पक्कड होती आणि त्या ती फडक्यानं पुसत होत्या. आज त्या पकडीचं काही काम नव्हतं.

"लवकर आलीस," त्या म्हणाल्या. "रविवारी कधी जमत नाही ते."

"सुबोध सरांनी फोन केला होता काल."

"करू दे. त्याला फोन करायची सवय आहे."

"ते म्हणाले ते तुमचं म्हणणं आहे का?"

मॅडमनी पक्कड उजेडाकडे धरली आणि डोळे बारीक केले. "तुला काय सांगायचं ते तू सांग. लहान आहेस का?"

"मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"मला काय ऐकायला मिळणार ते सांग आधी. काठी कोणी धरली होती?"

"मी."

"ओरडलं कोण? सहा बंद म्हणून?"

"मीच."

"सातवं उघडं आहे हे ठाऊक असताना."

"तुम्हालाही ठाऊक होतं."

"मी विसरले!" मॅडमचा आवाज पत्र्यावर आपटला. "मी सदुसष्ट वर्षांची आहे, मी विसरले. तू पस्तिशीची. तू का विसरलीस? शिस्त म्हणून एक गोष्ट असते. ती तुमच्याकडे नसतेच, वरून कितीही शिकवा."

"आमच्याकडे म्हणजे कुठे मॅडम?"

शेडबाहेर पाणकोंबडी ओरडत होती. मॅडमनी शीतलकडे पाहिलं नाही.

"कंपन्यांमध्ये," त्या म्हणाल्या. "दुसरं काय."

"कंपनीत चूक झाली तर त्याच दिवशी लिहून द्यावी लागते. कोणाची आहे त्याच्या आधी काय झालं ते."

"मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत."

मॅडम पुन्हा पक्कड पुसायला लागल्या. दोन वर्षांत त्या अशा कितीदा तरी बसल्या होत्या, पुढच्या फेरीची वाट बघत, एकमेकींशी एक शब्द न बोलता, आणि शीतलला ते आवडायचं. आज ती कुणीतरी येण्याची वाट बघत होती.

रेंजर मनाली साटम आल्या त्या सुबोध सरांबरोबरच. चाळिशीच्या, खाकी वर्दी, बुटांना वाटेतला चिखल. त्यांनी चहा नको म्हटलं, खुर्ची नको म्हटलं. आधी उघाडीपर्यंत चालत जाऊन जागा पाहिली, शिवदासला दोन प्रश्न विचारले आणि परत शेडमध्ये येऊन टेबलावर एक लहान प्लास्टिकची पुडी ठेवली. पुडीत एक कडी होती.

"मेलेल्यांपैकी एकाच्या पायात होती," त्या म्हणाल्या.

वसुधा मॅडम ताडकन उठल्या. "बघू! नंबर बघू द्या मला!" त्यांचा हात पुढे आला, आणि शीतलला वाटलं, मेलेले अकरा, जाणारी परवानगी, हे सगळं त्या क्षणी त्या बाईच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. साटम बाईंनी पुडी हातात दिली नाही. उजेडात धरून अक्षरं वाचून दाखवली.

मॅडम परत बसल्या. "आपलीच आहे," म्हणाल्या.

शीतललाही कळलं होतं. सुरुवातीची अक्षरं त्यांच्याच माळेतली होती, तीन वर्षांपूर्वीच्या. म्हणजे हा पक्षी इथून उत्तरेला गेला, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. रुंद कडी, बाहेरची कडी, असं काही नव्हतंच. मॅडमना लांबून नीट दिसलं नव्हतं. सातव्या जाळ्याचं कारणच नव्हतं. ती मॅडमकडे बघू शकली नाही; टेबलावरच्या फडक्याकडे बघत राहिली.

"परवानगी सहा जाळ्यांची," साटम बाई म्हणाल्या. "सातवं कोणी लावलं?"

सुबोध सर खाकरले. "साटम मॅडम, त्याचं असं आहे, आमच्याकडे व्हॉलंटियर येतात, शिकत असतात. कधी कधी एखाद्या ट्रेनीच्या हातून, उत्साहाच्या भरात…"

ते शीतलकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, लहान मुलाला पाहुण्यांसमोर कविता म्हणायला पुढं ढकलताना असतं तसं. वसुधा मॅडम समोरच्या पाणकणसाकडे बघत होत्या. शीतलनं थांबून पाहिलं. सरांचं हसू सैल पडायला लागलं, तरी मॅडम बोलल्या नाहीत.

"जाळं वसुधा मॅडमनी लावायला सांगितलं," शीतल म्हणाली. "परवानगी सहाची आहे असं मी म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, ताण. मी ताणलं."

"शीतल!" सुबोध सर म्हणाले.

"बंद करताना आम्ही ओरडून सांगतो. सहापर्यंतच सांगायची सवय आहे. शेवटचं मी ओरडले." तिचा आवाज लॅबमध्ये निकाल वाचताना असतो तसा सपाट निघाला. "सातवं उघडं आहे हे मला माहीत होतं. मॅडम विसरल्या असतील. मी विसरले नव्हते. मला वाटलं त्या बघतील. त्या सकाळभर सगळ्यांना बोलत होत्या. मला आणखी बोलणी खायची नव्हती, म्हणून मी विचारलं नाही. गाडीत बसताना माझ्या मनात आलं होतं."

हे शेवटचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रितमलाही नाही. गाडीचं दार लावताना, एका क्षणापुरतं, 'सातवं?' असं मनात आलं होतं. पुढच्या सीटवर मॅडमचा चेहरा तसाच आंबट होता. तिनं दार ओढून घेतलं होतं.

साटम बाईंनी मॅडमकडे पाहिलं. "हे बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," वसुधा मॅडम म्हणाल्या. "शब्द न् शब्द. ती चुकीचं सांगत नाही. तिच्यात तेवढं एक आहे."

मग फार वेळ लागला नाही. या हंगामापुरती परवानगी थांबवली. पुढचं चौकशीनंतर. जाळी, काठ्या, कड्यांच्या माळा सगळं जमा. साटम बाईंच्या माणसांनी जाळ्यांची गुंडाळी जीपमध्ये टाकली, काही सैल सुटली आणि मागच्या दारात अडकली तेव्हा सुबोध सर ओरडले, "अहो, फाटेल ते!" आणि मग स्वतःच ओशाळले.

"तुमचा परवान्याचा अर्ज आहे ना आमच्याकडे?" निघताना साटम बाईंनी शीतलला विचारलं.

"हो."

"तो आता पुढे जाणार नाही. तुम्हीच सांगितलंत म्हणून कळवते."

"ठीक आहे," शीतल म्हणाली.

जीप बांधावरून गेली. तिच्यामागून शिवदास टोपली घेऊन पाणकणसात उतरला. आज त्याला कुणी हटकणारं नव्हतं. सुबोध सर गाडी आणायला निघाले, शीतलपाशी थांबून म्हणाले, "झालं समाधान? सहा वर्षं गेली. तुझं गेलं ते गेलं, आमचंही घालवलंस." आणि उत्तराची वाट न बघता गेले.

रिकाम्या टेबलापाशी त्या दोघी उरल्या. मॅडम गमबूट काढून चपला घालत होत्या. वाकून पट्टा लावताना त्यांना धाप लागली. शीतल मदतीला पुढं झाली नाही, आणि झाली असती तर त्यांनी तिचा हात झटकला असता.

"मी सांगणार होते," वाकलेल्या अवस्थेतच मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"मीच लावलं ते. माझी चूक होती. ती सांगायची पाळी माझी होती, तुझी नाही."

"मी थांबले होते मॅडम. तुम्ही बोलला नाहीत."

"तू काय म्हणतेस ते ऐकायचं होतं मला आधी."

शीतलनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. सैल पडलेल्या पापण्या, उन्हानं काळवंडलेलं नाक, आणि ती नजर, जी पक्ष्याच्या पिसाची झीज मोजायची आणि माणसाचीही.

"आणि मी सर म्हणाले तसं सांगितलं असतं तर?"

मॅडम सरळ झाल्या. टोपी नीट केली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायची तर नव्हतीच.

"तर मग मला सांगावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्या निघाल्या. दारापाशी शेडची कडी कुठं आहे तेवढंच हातानं चाचपून पाहिलं आणि पुढं गेल्या. सुबोध सरांनी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. मागचं उघडलं नाही.

शीतलनं शेडचं दार ओढून लावलं आणि बांधावरून पायीच हायवेच्या दिशेनं चालायला लागली. गाडी तिला ओलांडून गेली तेव्हा ती कडेला सरली, पाण्याच्या बाजूला. धूळ बसेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग पुढं निघाली.